पूर्वरूप आणि पूर्ती : ख्रिस्ती वाचनपरंपरेतील जुना करार

१

यहुदी आणि ख्रिस्ती हे दोन्ही धर्म ज्या ग्रंथसमूहाला पवित्र मानतात, त्याचा शेवट दोघांच्या हाती वेगवेगळा पडतो. यहुद्यांच्या ‘तनाख’च्या प्रचलित छापील आवृत्तीत सर्वांत शेवटी इतिहासाचे पुस्तक येते आणि ते पारसाचा राजा कोरेश याच्या आज्ञेने संपते : बाबेलात बंदिवान झालेल्या लोकांनी यरुशलेमेस परत जावे. मराठी वाचकाच्या परिचयाच्या बायबलातील जुना करार मलाखी संदेष्ट्याच्या पुस्तकाने संपतो. तेथे एलिया संदेष्टा पुन्हा पाठवला जाईल असे आश्वासन आहे, आणि पान उलटताच मत्तयाच्या शुभवर्तमानातील येशूची वंशावळ सुरू होते. पुस्तके बव्हंशी तीच. पण एका मांडणीत ग्रंथ भूमीकडे परतण्याच्या आज्ञेवर थांबतो, तर दुसरीत तो कोणाची तरी वाट पाहत थांबतो.

हे वाट पाहणे संहितेतच आहे की ते नंतरच्या वाचकाने संहितेत पाहिले, हा प्रश्न ख्रिस्ती अर्थनिर्णयनाच्या इतिहासाचा गाभा आहे. आदामापासून मलाखीपर्यंत सर्वत्र ख्रिस्ताचे प्रतिबिंब दिसते, ही श्रद्धा केवळ भाविकांच्या उपासनेपुरती राहिली नाही. तिच्यातून वाचनाची एक पद्धती घडली, तिची परिभाषा तयार झाली, तिच्यावरून पंथभेद झाले आणि पाश्चात्त्य साहित्यातील वास्तवचित्रणाच्या कल्पनेवरही तिचा खोल ठसा उमटला. मराठी साहित्यालाही ही पद्धती परकी नाही. सतराव्या शतकाच्या प्रारंभी ती ओवीच्या वाटेने मराठीत आली. या पद्धतीचे सामर्थ्य आणि तिच्यातील धोका हे दोन्ही एकाच ठिकाणी वसतात, असे तिच्या इतिहासाकडे पाहता दिसते. ते ठिकाण म्हणजे जुन्या घटनेला तिचा स्वतःचा अर्थ उरतो की नाही, हा प्रश्न.

२

लूकाच्या शुभवर्तमानाच्या अखेरीस या वाचनाचा उगम एका कथेतच सांगितला आहे. अम्माऊस गावाकडे निघालेल्या दोन खिन्न शिष्यांना वाटेत एक अनोळखी सोबती भेटतो आणि मोशे व सर्व संदेष्टे यांच्या ग्रंथांतून मशीहाविषयीच्या गोष्टी उलगडून सांगतो. तो पुनरुत्थित येशू आहे हे त्यांना जेवणाच्या वेळी, भाकरी मोडताना कळते. कथेचा क्रम अर्थपूर्ण आहे. ग्रंथ शिष्यांना आधीपासून ठाऊक होता. त्याचा हा अर्थ मात्र वधस्तंभाच्या घटनेनंतरच हाती आला. घटना आधी आणि तिच्या प्रकाशात ग्रंथाचे पुनर्वाचन नंतर, हा क्रम नव्या कराराच्या लेखकांनी लपवलेला नाही.

या वाचनात दोन प्रकारचे संबंध येतात व त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिला संबंध भविष्यवचनाचा : संदेष्टा बोलतो आणि पुढे तसे घडते. येथे शब्द आणि घटना यांचा मेळ असतो. दुसरा संबंध घटनेचा घटनेशी असतो. पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्रात आदामाला येणाऱ्याचा ‘टिपोस’ म्हणतो. या ग्रीक शब्दाचा मूळ अर्थ आघाताने उमटलेला ठसा. लॅटिनमध्ये त्यासाठी ‘फिगुरा’ हा शब्द रूढ झाला. मराठीत या कल्पनेला ‘पूर्वरूप’ म्हणता येईल आणि ज्या नंतरच्या घटनेत ते सफल होते तिला ‘पूर्ती’. इस्राएल लोकांना रानात पाणी देणारा खडक, मोशेने खांबावर उभारलेला पितळेचा सर्प, माशाच्या पोटात तीन दिवस राहिलेला योना, भाकर आणि द्राक्षारस घेऊन अब्राहामाला भेटणारा मलकीसदेक, वल्हांडणाचे कोकरू ही सारी नव्या करारातच ख्रिस्ताची पूर्वरूपे ठरली. इब्री लोकांस पत्र या ग्रंथात तर जुन्या नियमशास्त्राला येणाऱ्या गोष्टींची छाया म्हटले आहे.

भारतीय काव्यशास्त्राच्या परिभाषेत या संबंधाला नेमके स्थान देणे अवघड जाते. रूपकात उपमेय आणि उपमान यांचा अभेद कल्पिलेला असतो. तेथे काळाचे अंतर नसते. अन्योक्तीत सांगितलेली वस्तू हे निमित्त असते. अर्थ कळला की भ्रमर आणि कमळ बाजूला सारता येतात. पूर्वरूपाच्या बाबतीत दोन्ही टोके इतिहासात घडलेली मानली जातात आणि त्यांच्यामध्ये काळ पसरलेला असतो. वेदान्तातील समन्वयाची कल्पना याहून जवळची वाटते, कारण तीही विखुरलेल्या श्रुतिवाक्यांचे तात्पर्य एकाच ठिकाणी आणते. परंतु ज्या ब्रह्माकडे ती वाक्ये वळवली जातात ते कालातीत आहे. ख्रिस्ती समन्वयाचे केंद्र एका रोमन प्रांताधिकाऱ्याच्या कारकिर्दीत वधस्तंभावर मरण पावलेली व्यक्ती आहे. काळ वगळला तर हे वाचन उभेच राहत नाही.

ही पद्धती ख्रिस्ती लेखकांनी शून्यातून निर्माण केली असेही नाही. यशयाच्या पुस्तकाच्या उत्तरार्धात बाबेलच्या बंदिवासातून होणारी सुटका दुसऱ्या निर्गमनाच्या रूपात पाहिली आहे. म्हणजे एका घटनेत दुसरीची पूर्ती पाहण्याची रीत हिब्रू संदेष्ट्यांचीच आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरान येथील गुहांतून १९४७ पासून जी हस्तलिखिते हाती आली, त्यांत हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकावरील एक टीका आहे. ती जुन्या वचनांचा अर्थ त्या पंथाच्या ‘नीतिमत्त्वाच्या गुरू’ला आणि त्याच्या काळाला लावते. पहिल्या शतकातील येशूचे अनुयायी यहुदीच होते आणि ते आपला ग्रंथ यहुदी रीतीनेच वाचत होते. वाचणारे आणि ज्यांचा ग्रंथ आहे ते जेव्हा वेगळे झाले, तेव्हा या वाचनाचे स्वरूप पालटले.

३

दुसऱ्या शतकात हे घडले. ख्रिस्ती समाजात आता बहुसंख्य लोक यहुदी नसलेल्या घराण्यांतून आलेले होते. हिब्रू लोकांच्या या ग्रंथाशी आपले नाते कोणते, हा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. मार्सियनने त्याला सरळ उत्तर दिले : काहीच नाही. त्याच्या मते जुन्या ग्रंथातील सृष्टिकर्ता न्यायकठोर देव आणि येशूचा दयाळू पिता हे दोन वेगळे देव होत; त्यामुळे जुना ग्रंथ टाकून द्यावा. इ. स. १४४ च्या सुमारास रोमच्या मंडळीने त्याला बहिष्कृत केले. मार्सियनचे वाचन शब्दशः होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. जुन्या ग्रंथात ख्रिस्त दिसत नाही, असेच तो म्हणत होता. मंडळीला तो ग्रंथ राखायचा असेल तर त्यात ख्रिस्त दाखवणे भाग होते. पूर्वरूपवाचनाने जुना करार वाचवला, असे म्हणता येते ते या अर्थाने.

वाचवण्याची किंमत कोणी मोजली, हे त्याच शतकातील अन्य लेखनावरून कळते. जस्टिन मार्टिर याच्या ‘ट्रायफोशी संवाद’ या ग्रंथात एका यहुदी विद्वानाशी दीर्घ वाद आहे. ही वचने तुमच्या ग्रंथांतील आहेत असे म्हणता म्हणता जस्टिन स्वतःलाच दुरुस्त करतो : ती तुमच्यापेक्षा आमचीच आहेत, कारण आम्ही त्यांना मानतो आणि तुम्ही ती वाचूनही तुम्हाला त्यांचे मर्म कळत नाही. अर्थाच्या दाव्यातून मालकीचा दावा निघतो, तो असा. बर्णबाच्या नावावर असलेले पत्र आणखी पुढे जाते. अब्राहामाच्या तीनशे अठरा सेवकांच्या संख्येत त्याच्या लेखकाला ख्रिस्त सापडतो. ग्रीक अंकपद्धतीत अक्षरांनाच अंकमूल्य असते. अठरा लिहिताना येशूच्या नावाची पहिली दोन अक्षरे येतात आणि तीनशे या संख्येचे ‘टाऊ’ हे अक्षर वधस्तंभाच्या आकाराचे असते. येथे ठसा उमटवणारी घटना उरलेलीच नाही. उरली आहे ती अक्षरांची करामत.

सार्दीसचा बिशप मेलितो याचे वल्हांडणावरील प्रवचन शतकानुशतके हरवलेले होते. ते विसाव्या शतकात हाती लागले आणि १९४० साली प्रसिद्ध झाले. त्यात पूर्वरूपाचा सिद्धांत शिल्पकाराच्या दृष्टांताने मांडला आहे. मूर्ती घडवण्यापूर्वी मेणाचा किंवा मातीचा नमुना करतात. मूर्ती सिद्ध झाली की नमुन्याचे प्रयोजन संपते. हा दृष्टांत सुबक आहे आणि धोक्याचाही आहे. नमुना म्हणजे येथे एक जिवंत लोकसमूह आहे. त्याच प्रवचनात पुढे इस्राएलवर देवाच्या वधाचा आरोप येतो. नमुना टाकाऊ ठरणे आणि त्या लोकांना दोषी ठरवणे या दोन गोष्टी एकाच प्रवचनात शेजारी याव्यात, हे या परंपरेच्या पुढील इतिहासाचे दुश्चिन्ह होते.

४

तिसऱ्या शतकापासून या वाचनाला शास्त्राचे रूप आले. अलेक्झांड्रियाच्या ओरिगेनने ग्रंथाच्या शब्दार्थापलीकडे नैतिक आणि आध्यात्मिक अर्थांच्या पातळ्या मानल्या. सूर्य निर्माण होण्यापूर्वीचे तीन दिवस कसे मोजावे, अशा अडचणी ग्रंथात मुद्दाम ठेवलेल्या आहेत, म्हणजे वाचक शब्दावर अडून न राहता आत शिरेल, असे त्याचे म्हणणे. या दृष्टीत घटनेचे ऐतिहासिक अस्तित्व दुय्यम होते. अंतियोख नगरीतील अभ्यासकांनी याला विरोध केला. संदेष्टा प्रथम आपल्या काळाशी आणि आपल्या लोकांशी बोलतो. त्याच्या बोलण्यात काही अतिरिक्त असेल तर तेच पुढे ख्रिस्ताकडे निर्देश करते, अशी त्यांची भूमिका होती. मॉप्सुएस्तियाच्या थिओडोरने तर एकशे पन्नास स्तोत्रांपैकी अवघी चारच मशीहाविषयक मानली. इ. स. ४२८ मध्ये तो वारला आणि सव्वाशे वर्षांनी, ५५३ मध्ये, कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या परिषदेने त्याला धिक्कारले. त्या निर्णयामागे ख्रिस्ताच्या स्वरूपासंबंधीचा वाद प्रमुख होता. तरी जुन्या ग्रंथाला त्याचा स्वतःचा काळ परत देऊ पाहणारा एक समर्थ आवाज त्यामुळे दबला गेला, हेही तितकेच खरे.

पाश्चिमात्य जगाला दिशा दिली ती ऑगस्टिनने. नवा करार जुन्यात झाकलेला आहे आणि जुना नव्यात उघड होतो, या आशयाचे त्याचे सूत्र मध्ययुगभर प्रमाण मानले गेले. ख्रिस्ताविषयीची वचने ख्रिस्ती लोकांनी रचली नाहीत याचे साक्षीदार म्हणून यहुदी लोक टिकून राहिले पाहिजेत, असेही त्याने प्रतिपादले. या भूमिकेने यहुद्यांना जगण्याची मुभा दिली. पण ती दुसऱ्याच्या ग्रंथाचे ओझे वाहणारे म्हणून दिली.

हे सूत्र चित्रशिल्पांत उतरलेले पाहायचे तर ऑस्ट्रियातील क्लोस्टरनॉयबुर्गच्या मठातील वेदी पाहावी. व्हर्दूनच्या निकोलसने ११८१ साली पूर्ण केलेल्या मीनाकामाच्या या कृतीत नंतरची भर धरून ५१ चित्रफलक आहेत आणि ते तीन ओळींत मांडलेले आहेत : वर नियमशास्त्रापूर्वीचा काळ, खाली नियमशास्त्राचा काळ आणि मध्ये कृपेचा काळ. वधस्तंभाच्या फलकावर इसहाकाचे बलिदान आहे आणि खाली काठीला टांगलेला द्राक्षांचा घड वाहून आणणारे दोन हेर. आडव्या ओळीत वाचले तर इतिहास दिसतो; उभे वाचले तर अर्थ दिसतो. सारा काळ मधल्या ओळीकडे झुकलेला आहे.

उत्पत्तीच्या बाविसाव्या अध्यायातील ती कथा मात्र दुसरीकडेही वाचली जात होती. आपल्याच होमाची लाकडे पाठीवर घेऊन डोंगर चढणारा इसहाक ख्रिस्ती लेखकांना वधस्तंभ वाहणाऱ्या ख्रिस्ताचे पूर्वरूप वाटला. यहुदी परंपरेतील ‘उत्पत्ति-रब्बा’ या ग्रंथातही त्या लाकडांना वधाचा खांब खांद्यावर वाहणाऱ्या माणसाची उपमा दिली आहे. रोमन सत्तेखालील लोकांना ते दृश्य अनोळखी नव्हते. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाच्या लाटेत ऱ्हाइन नदीकाठच्या वर्म्स आणि माइन्त्स या नगरांतील यहुदी वस्त्यांवर हल्ले झाले. बाप्तिस्मा की मृत्यू, असा पर्याय पुढे आला तेव्हा अनेक आईबापांनी स्वतःच्या हातांनी मुलांचा शेवट केला. या घटना नोंदवणाऱ्या हिब्रू वृत्तान्तांत इसहाकाच्या बंधनाची आठवण पुन्हा पुन्हा येते; तेव्हा देवदूताने सुरी अडवली होती, या वेळी अडवली नाही. एकाच कथेला दोन पूर्ती लाभल्या आणि दुसरी पूर्ती पहिलीच्या अनुयायांनी घडवून आणली. क्लोस्टरनॉयबुर्गच्या वेदीत या दुसऱ्या पूर्तीला ओळ नाही.

५

वादाची रणभूमी पुष्कळदा एखादा शब्दच असे. यशयाच्या सातव्या अध्यायातील गर्भवती स्त्रीसाठी हिब्रूत ‘अल्मा’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ तरुण स्त्री. ख्रिस्तपूर्व काळातच झालेल्या ग्रीक भाषांतरात तेथे ‘पार्थेनोस’, म्हणजे कुमारी, हा शब्द आला आणि मत्तयाने येशूच्या जन्मकथेत तोच आधार घेतला. जस्टिनच्या ग्रंथातील ट्रायफो नेमका याच शब्दावर आक्षेप घेतो आणि ते वचन हिज्कीया राजाविषयी असल्याचे सांगतो. यशयाच्याच त्रेपन्नाव्या अध्यायातील दुःख सोसणारा सेवक ख्रिस्ती वाचनात ख्रिस्ताचे सर्वांत स्पष्ट चित्र ठरला. तो सेवक म्हणजे विखुरलेला समग्र यहुदी समाज, हा अर्थ तिसऱ्या शतकात ओरिगेनने यहुदी विद्वानांकडून ऐकला होता. १०९६ च्या हत्याकांडाच्या काळातच वावरणाऱ्या राशी या भाष्यकाराने तोच अर्थ दृढ केला.

चौदाव्या शतकातील लिराच्या निकोलसने राशीच्या भाष्यांचा मनःपूर्वक उपयोग करून शब्दार्थाची प्रतिष्ठा वाढवली. मार्टिन ल्यूथरने शब्दार्थालाच प्रमाण मानले. परंतु त्याच्या दृष्टीने जुन्या कराराचा शब्दार्थच ख्रिस्त होता. याचा परिणाम दुहेरी झाला. जो अर्थ गूढ मानला जात होता तो आता उघड ठरला आणि उघड अर्थ न दिसणारा वाचक हटवादी ठरला. १५२३ मध्ये येशू जन्माने यहुदी होता हे सांगत सौम्य वर्तनाचा पुरस्कार करणाऱ्या ल्यूथरने १५४३ मध्ये यहुद्यांविरुद्ध अत्यंत जहाल पुस्तक लिहिले. त्याचा मोठा भाग मशीहाविषयक वचनांच्या अर्थनिर्णयनाने व्यापलेला आहे आणि शेवटी सभास्थाने जाळण्याची सूचना आहे. वाचनभेदाचे रूपांतर शिक्षेत होण्याचे याहून ठळक उदाहरण मिळणे कठीण.

६

अठराव्या शतकात या पद्धतीचा पायाच ढासळू लागला. १७२४ मध्ये अँथनी कॉलिन्स याने इंग्लंडमध्ये असा युक्तिवाद केला की नव्या करारात उद्धृत केलेली वचने त्यांच्या मूळ संदर्भात येशूविषयी नाहीत. ऐतिहासिक चिकित्सेने पुढे प्रत्येक पुस्तकाला त्याचा काळ, लेखक आणि श्रोतृवर्ग परत दिला. अंतियोखच्या अभ्यासकांना जे हवे होते ते आता मिळाले. पण ‘पूर्ती’ मात्र हातातून निसटली. जुना करार हे प्राचीन पौर्वात्य वाङ्मयाचे एक दालन उरले. असे झाले तर ख्रिस्ती माणसाने तो का वाचावा? १९२१ च्या आपल्या ग्रंथात अडोल्फ फॉन हार्नाक या थोर इतिहासकाराने मार्सियनचे मत नव्याने मांडले : जुना करार प्रमाणग्रंथ म्हणून अजूनही राखणे हे धार्मिक दुर्बलतेचे लक्षण आहे. विद्वानाचे हे मत रस्त्यावर यायला फार वर्षे लागली नाहीत. १३ नोव्हेंबर १९३३ रोजी बर्लिनच्या श्पोर्टपालास्ट सभागृहातील प्रचंड सभेत ‘जर्मन ख्रिश्चन’ चळवळीच्या राइनहोल्ड क्राउझे या वक्त्याने जुन्या करारापासून मुक्ती मागितली. आता जुना करार ‘यहुदी’ होता, म्हणून नको होता.

या पार्श्वभूमीवर एरिख आउएरबाख याचा ‘फिगुरा’ हा निबंध वाचावयास हवा. जन्माने यहुदी असल्यामुळे १९३५ मध्ये मारबुर्ग विद्यापीठातील पदावरून दूर झालेला हा अभ्यासक १९३६ मध्ये इस्तंबूलला गेला आणि १९३८ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. वरकरणी तो एका लॅटिन शब्दाचा इतिहास आहे. त्याचा गाभा मात्र पूर्वरूप आणि अन्योक्ती यांतील भेदात आहे. पूर्वरूपात पहिली घटना दुसरीची केवळ खूण नसते. तीही तितकीच खरी, तितकीच देहधारी असते. मोशे खरोखर होऊन गेला, म्हणूनच तो कशाचे तरी पूर्वरूप होऊ शकतो. १९४६ मध्ये बर्न येथे प्रकाशित झालेल्या ‘मिमेसिस’ या ग्रंथात याच सूत्राने त्याने डान्टेच्या वास्तवचित्रणाचा उलगडा केला : परलोकातील व्यक्ती आपले पृथ्वीवरील व्यक्तिमत्त्व गमावत नाहीत, तेथे ते परिपूर्ण होते. जुना करार फेकून देण्याची भाषा चालू असताना एका निर्वासित यहुदी अभ्यासकाने ख्रिस्ती वाचनपद्धतीतच जुन्या घटनेच्या सत्यतेची हमी शोधली. हे वाचन भाषाशास्त्रीय आहे, तितकेच ते नैतिकही आहे.

तरी एक आक्षेप उरतो. घटनेचे अस्तित्व मान्य करणे वेगळे आणि तिचा अर्थ तिच्या लोकांच्या स्वाधीन ठेवणे वेगळे. मोशे खराच होता, असे मानूनही त्याचा अर्थ मोशेच्या वारसांना कळत नाही असे म्हणता येते. जस्टिन ते म्हणत होताच. १९८२ च्या ‘द ग्रेट कोड’ या ग्रंथात नॉर्थ्रॉप फ्राय याने तर दोन्ही करार एकमेकांसमोर ठेवलेल्या दोन आरशांसारखे मानले. त्या रचनेत दोन्ही एकमेकांना सिद्ध करतात आणि बाहेरच्या जगाची गरज उरत नाही. साहित्यकृतीच्या अंतर्गत एकात्मतेचे हे आकर्षक चित्र आहे. ज्यांच्या घरातून यातला एक आरसा आणला, ते या चित्रात दिसत नाहीत.

७

गोव्यातील साष्टी प्रांतात हा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा राहिला. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे छापला गेला. आज तो ‘क्रिस्तपुराण’ म्हणून ओळखला जातो. त्याचे मूळ पोर्तुगीज शीर्षक मात्र आपला तारक येशू ख्रिस्त याच्या जगात येण्याविषयीचे विवेचन अशा अर्थाचे होते. ग्रंथाचे दोन भाग आहेत. ‘पैलें पुराण’ ३६ अवस्वरूंचे, तर ‘दुसरें पुराण’ ५९ अवस्वरूंचे. दोन्ही मिळून सुमारे अकरा हजार ओव्या. पहिल्या भागात सृष्टीच्या उत्पत्तीपासूनची जुन्या करारातील कथा येते. शीर्षक ध्यानात घेतले तर ती सारी कथा ‘येण्या’चाच एक भाग ठरते. ऑगस्टिनचे सूत्र येथे ग्रंथाची रचनाच बनले आहे.

परंतु स्टीफन्सपुढील श्रोता ट्रायफो नव्हता. जुना करार त्याच्या मालकीचा नव्हता आणि त्याला तो ठाऊकही नव्हता. ज्याला अपेक्षाच नाही त्याला पूर्ती कशी सांगणार? म्हणून स्टीफन्सला आधी वाट पाहायला शिकवावे लागले. मशीहापूर्वी मशीहाची उणीव निर्माण करावी लागली. अकरा हजार ओव्यांचा पट त्यासाठी आवश्यक होता. ग्रंथारंभीची चौकट याहून बोलकी आहे. नवख्रिस्ती श्रोत्यांपैकी एक जण पाद्रीला विचारतो की, आमची जुनी पुराणे तर बंद केलीत. मग त्यांच्या जागी आम्हाला दुसरी पुराणे का देत नाही? म्हणजे या श्रोत्यांचा स्वतःचा एक ‘जुना’ ग्रंथ होता आणि तो काढून घेतला गेला होता. त्याच्या जागी दुसऱ्या लोकांचा जुना ग्रंथ आला. स्टीफन्स हिंदू कथांना ख्रिस्ताची पूर्वरूपे मानत नाही. त्याची धर्मदृष्टी ते मानू देणारी नव्हती. मात्र ख्रिस्ताचा स्वर्ग सांगताना तो ‘वैकुंठ’ म्हणतो आणि कथेला पुराणाची घडण व ओवीची चाल देतो. जे विचाराच्या पातळीवर नाकारले ते भाषेच्या पातळीवर परत आले. वैकुंठ हा शब्द त्या मिटवलेल्या ग्रंथाचा राहिलेला ठसा आहे. टिपोस या शब्दाच्या मूळ अर्थाने.

एकोणिसाव्या शतकात जे अनुक्त होते ते बोलले जाऊ लागले. बंगालमधील कृष्णमोहन बॅनर्जी यांनी १८७५ च्या आपल्या ग्रंथात वेदांतील प्रजापतीच्या आत्मयज्ञात ख्रिस्ताच्या बलिदानाची पूर्वसूचना पाहिली. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले नारायण वामन टिळक, ज्यांचे ‘ख्रिस्तायन’ अपुरे राहिले व पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले, आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगत. बॅनर्जींच्या विचारात वेदाला आणि टिळकांच्या विचारात संतवाणीला जवळजवळ जुन्या कराराचे स्थान मिळते. यात आपल्या परंपरेविषयीची खरी कृतज्ञता आहे. स्टीफन्सच्या श्रोत्याचे हरवलेले पुराण येथे सन्मानाने परत येते. पण पुलाची प्रतिमा मेलितोच्या मेणाच्या नमुन्यापासून फार दूर नाही. पूल ओलांडण्यासाठी असतो. तुकारामाच्या अभंगाची परिणती त्याच्या विठ्ठलापाशीच होते; पलीकडच्या काठाची त्याला अपेक्षा नाही. यहुदी वाचकाला यशयाविषयी जे वाटत आले, ते वारकरी वाचकाला या ठिकाणी सहज समजू शकेल.

८

दुसऱ्या महायुद्धातील यहुदी संहारानंतर ख्रिस्ती चर्चना या वाचनपरंपरेकडे नव्याने पाहावे लागले. १९६५ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष समस्त यहुदी लोकांवर ठेवणे अमान्य केले. कॅथॉलिक चर्चच्या बायबल आयोगाने २००१ च्या दस्तऐवजात त्यापुढचे पाऊल टाकले. जुन्या ग्रंथाचे यहुदी वाचन हे संभाव्य आणि ग्रंथाशी सुसंगत वाचन आहे, असे तेथे मान्य केले आहे. आणि ख्रिस्ती वाचकाला जुन्या करारात ख्रिस्त दिसतो तो मागे वळून पाहताना, नंतरच्या घटनेच्या प्रकाशात, असेही स्पष्ट केले आहे. अम्माऊसच्या कथेने मुळात हेच सांगितले होते. ग्रंथाचा अर्थ आधीपासून उघड होता आणि तो न दिसणारे आंधळे होते, हा दावा मधल्या शतकांनी जोडला. स्ट्रासबुर्गच्या महामंदिरावर १२३० च्या सुमारास घडवलेल्या डोळ्यांवर पट्टी बांधलेल्या ‘सिनागोगा’च्या मूर्तीत तो दावा आजही दगडात उभा आहे.

या इतिहासातून साहित्यविचाराने घेण्यासारखी गोष्ट पूर्वरूप खरे की खोटे या वादापलीकडची आहे. प्रत्येक नवी कृती आपले पूर्वसूरी मागे वळून निवडते आणि त्यांच्यात स्वतःची पूर्वचिन्हे पाहते. परंपरा अशीच घडते. या निवडीला आक्षेप घेण्याचे कारण नाही. आक्षेप सुरू होतो तो पूर्वसूरीला स्वतःचा शेवट नाकारला जातो तेथे. तनाख कोरेशाच्या आज्ञेवर संपतो, हे ठाऊक असूनही मलाखीनंतरचे पान उलटणारा वाचक आपली श्रद्धा गमावत नाही. त्याच्या हातातील ग्रंथ आणखी एका घरी वाचला जातो आणि तेथे तो अपुरा नाही, एवढेच त्याला मान्य करावे लागते.